चोराला वाट कोणी मोकळी केली?

मोटार चोरीला गेली की चोराला दोष द्यायचा, फार तर पोलिसांना द्यायचा आणि मोटार बनविणाऱ्या कंपनीला मात्र निरपराध समजायचे, असा सार्वत्रिक प्रघात आहे. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया या दोन भगिनी कंपन्यांच्या गाड्यांबाबत जे घडले, त्याने या प्रघाताचा फोलपणा उघडा पाडला आहे.

'इमोबिलायझर' या उपकरणाचे काम सरळ आहे. किल्लीत बसविलेली चिप गाडीला एक सांकेतिक खूण पाठविते. खूण पटली नाही तर इंजिन चालत नाही. कॅनडाने १ सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांत ते सक्तीचे केले. अमेरिकेने केले नाही. परिणामी याच कंपन्या कॅनडातील गाड्यांत इमोबिलायझर बसवीत राहिल्या आणि सरहद्दीच्या दक्षिणेस तो गाळीत राहिल्या. २०१५ साली अमेरिकेत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के वाहनप्रकारांत हे उपकरण मुळातच बसविलेले असे; या दोघींच्या अवघ्या २६ टक्क्यांत. तंत्रज्ञान अवगत नव्हते, अशी सबब पुढे करण्याची सोयच नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या महागड्या गाड्यांत तेच उपकरण होते. साध्या धातूच्या किल्लीच्या स्वस्त गाडीला तेवढे ते नाकारण्यात आले. सुरक्षितताही ऐपत पाहून वाटली गेली!

अशी गाडी यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करता येते, ही गोष्ट २०२२ मध्ये समाजमाध्यमांतून पोरासोरांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या चोऱ्यांशी निगडित १४ अपघात आणि ८ मृत्यू तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याकडे नोंदले गेले होते. काही विमा कंपन्यांनी काही शहरांत या गाड्यांचा नवा विमा उतरविण्यास नकार दिला. म्हणजे ज्याने पै पै जोडून स्वस्त गाडी घेतली, त्याची गाडी गेली आणि विम्याचा आधारही डळमळला. कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सुधारित संगणक-प्रणाली मोफत देऊ केली, ती माणसे दगावल्यानंतर. एप्रिल २०२३ मध्ये १७ राज्यांच्या महाधिवक्त्यांनी गाड्या परत मागविण्याची मागणी केली, तेव्हा खात्याचे उत्तर आले की, नियमांत इमोबिलायझरची अटच नाही! नफा खाजगी आणि नुकसान सार्वजनिक, हा भांडवली हिशेब याहून स्पष्ट कोठे दिसावा?

मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते यावर सांगतील की, जाणता ग्राहक सदोष माल नाकारतो आणि बाजार आपोआप सुधारतो. पण ग्राहकाला जाणते होऊ देतो कोण? फोक्सवॅगनसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांतील 'मेगामॉस' या सांकेतिक यंत्रणेतील कच्चे दुवे नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील विद्यापीठीय संशोधकांनी शोधून काढले आणि २०१२ मध्येच चिपच्या उत्पादकाला कळविले. तो शोधनिबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, तो प्रसिद्ध झाला. मधल्या दोन वर्षांत सदोष गाड्या विकण्यास मनाई नव्हती. दोष सांगण्यास मात्र होती.

यातून निघणारा निष्कर्ष भारतालाही लागू आहे. येथे चालकासाठीची एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि तीही सरकारच्या हुकमाने. गाड्या आता चाकांवरचे संगणक बनत चालल्या आहेत. त्यांची कुलुपे सामान्य ग्राहकाला डोळ्यांनी तपासता येत नाहीत. म्हणून सुरक्षिततेचा किमान दर्जा कायद्याने ठरविणे, स्वतंत्र तपासणीचा निकाल जाहीर करणे आणि दोष उघड करणाऱ्या संशोधकाला संरक्षण देणे, या तिन्ही मागण्या समाजवादी चळवळीने आग्रहाने मांडल्या पाहिजेत. चोराला शिक्षा जरूर व्हावी. पण दाराला कडी न लावता घर विकणाऱ्यालाही जाब विचारला गेला पाहिजे.