शोक खेळात आला म्हणून खोटा नव्हे

संपादक महाशय,

कथाप्रधान चित्रखेळांतील (व्हिडिओ गेममधील) शोक कृत्रिम असतो, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय मला एकतर्फी निवाड्यासारखा वाटला. कारण पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी रामायणातील एकेक चित्र उभे धरून गातात, तेव्हा पुढील चित्र येईतो श्रोत्यांस जो विराम लाभतो, तोच चित्रखेळात खेळणाऱ्याच्या बोटाच्या स्वाधीन झालेला असतो. पुण्यात निर्माण झालेल्या ‘राजी’ (२०२०) या खेळात हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली बहीण वाटेत भित्तिचित्रांपुढे थांबते, तेव्हा आपणही थांबतो. घरातला शोकही असाच एखाद्या वस्तूपाशी थांबतो: काष्टीच्या बाजारात विकलेल्या बैलाची घुंगुरमाळ आमच्या वडिलांनी खुंटीवरून अद्याप उतरविलेली नाही. स्मृतीस आधार लागतो, मग तो पितळेचा असो वा पडद्यावरचा.

आपला नम्र,
एक वाचक, काष्टी (ता. श्रीगोंदा)