सायकलवरचा शेक्सपिअर

ब्रिटनमधली ‘हँडलबार्ड्स’ ही नाटकमंडळी 2013पासून उन्हाळ्यात सायकलवरून गावोगाव जाते आणि मोकळ्या आकाशाखाली शेक्सपिअर सादर करते. नेपथ्य, कपडे, सारे सामान सायकलींवरच. मोजकेच नट सगळ्या भूमिका करतात. सामान घटले की नाटकही उणे होते, हा आक्षेप टिकत नाही. शेक्सपिअरच्या काळी ग्लोब नाट्यगृहातही प्रयोग दिवसाउजेडी, जुजबी नेपथ्यावर होत. स्थळ आणि वेळ शब्दच उभे करत. सायकलींनी इंधन वाचवले, पण प्रेक्षकच मोटारीने आले तर काय साधले, ही शंका मात्र रास्त आहे. तिचे उत्तर दौऱ्यातच आहे: नाटक गावापर्यंत गेले की प्रेक्षकांचा प्रवास घटतो. आपल्या नाट्यसंस्थांनीही दौरा आखताना संहितेला खरोखर किती सामान लागते, हे आधी तपासावे.