स्लो वाढवून देतो

स्कूटर असो, रिक्षा असो की जुनी मारुती, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सिग्नलला बंद पडते ना? स्लो वाढवून देतो." एक स्क्रू, पाव फेरा, आणि गाडी छान घुरघुरायला लागते. आपण खूश, मेकॅनिक खूश. मला या वाक्याचा हल्ली फार राग येतो. का, ते सांगायला ही पोस्ट. (आई, तुला कंटाळा येईल. मधला यंत्राचा भाग सोडून दे.)

आमच्याकडे इथे कॅलिफोर्नियात टोयोटाचा १९९१ सालचा ट्रक आहे. ट्रक म्हणजे आपला दहाचाकी नव्हे. पुढे माणसं बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. भारतात २०२२ साली हायलक्स आली ना, तिच्या घराण्यातला हा आजोबा. अमेरिकेत त्याला धड नावही दिलं नव्हतं, नुसतं 'पिकअप'. आत २.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २२आरई. खत, माती, रोपं, मित्रमंडळींचे सोफे, सगळं यानेच वाहिलंय. नवरा त्याला भंगार म्हणतो, पण घर बदलायचं असलं की लोकांना आमचं भंगारच आठवतं!

गेल्या वर्षी हा स्लोवर थरथरायला लागला. हायवेवर एकदम शहाणा, पण सिग्नलला थांबलं की अंगात हीव भरल्यासारखा. आणि एके दिवशी डावीकडे वळताना, ऐन चौकात, बंद पडला. शेजारी लेक, समोरून येणारी गाड्यांची रांग. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर कडक होतो. कसाबसा चालू करून कडेला घेतला. लेक काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, यात मी परत बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला दिला. संध्याकाळी 'ट्यून-अप'चं बिल हातात, आणि ट्रक खरंच बंद पडेना. महिन्याभराने पुन्हा तेच. मग दुसरं गॅरेज. तिथला माणूस (प्रश्न मी विचारत होते, उत्तरं तो नवऱ्याला देत होता, असो) म्हणाला, हवा मोजायचं मीटर बदला. किंमत ऐकवली आणि वर, "खरं तर विकूनच टाका."

रात्री मामाला फोन लावला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय. आयुष्य डिझेलमध्ये गेलं त्याचं, हे इंजिन त्याने कधी पाहिलेलंही नाही. त्याने एकच विचारलं, "उघडून पुसलंय का कुणी?"

कुणीच नव्हतं पुसलं.

शनिवारी इंजिन गार असताना बॅटरीची वायर काढली आणि बसले. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत एक जाडजूड रबरी नळी येते, ती सोडवली. थ्रॉटलची झडप उघडून बघते तर आत काळं, चिकट, काजळ आणि तेल खलून लावल्यासारखं. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ आणि धुराचा काही भाग इंजिन परत आतच ओढून घेतं, त्याची ही तीस वर्षांची पुटं. स्लोवर असताना ही झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन शेजारच्या एका बारीक वाटेने श्वास घेतं. ती वाट नाकात सर्दी भरावी तशी भरलेली. क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, फडकी. (हा स्प्रे पेटतो. गरम इंजिनावर मारून गळती शोधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.) दोन तास घासलं तेव्हा खालचं ॲल्युमिनियम दिसलं.

आणि मग ती नळी पुसायला घेतली. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात तिला. खालच्या बाजूच्या घडीत फडकं अडकलं. वाकवून बघितलं तर बोटभर लांब चीर! वरून कधीच दिसली नसती, आणि नळी सरळ धरली की मिटून जायची.

आता यंत्र सांगते. फिल्टरच्या पुढे, त्या मीटरमध्ये, एक स्प्रिंग लावलेली पट्टी असते. आत येणारी हवा तिला ढकलते. ती किती ढकलली गेली त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती ते ठरवतो. चीर त्या मीटरच्या पुढे, म्हणजे तिथून शिरणारी हवा बिनहिशेबी. हवा जास्त, पेट्रोल कमी. हायवेवर शंभर रुपयांच्या उलाढालीत दोन रुपयांची चोरी कुणाला कळते? पण स्लोवर उलाढालच पाच रुपयांची. स्लो वाढवला की उलाढाल वाढते, चोरी त्यात लपते, आणि गिऱ्हाईक हसत घरी जातं. चीर मात्र वाढतच असते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो स्क्रू फिरवणं ही दुरुस्ती नाही, आणि तिला दुरुस्ती म्हणून पैसे घेणं ही फसवणूक आहे. "तात्पुरतं करून दिलंय, कारण सापडलेलं नाही" असं सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती. मग मी लेकीला शेजारी बसवून पुन्हा त्या चौकात गेले नसते. हो, गेले होते. 'दुरुस्त' झालाय म्हणून समजूत काढून तिला बसवलं होतं.

गॅरेजवाल्यांची बाजू मला कळते. इथे मजुरी तासावर. दोन तास नुसतं पुसायचे पैसे कोण देईल? पार्ट बदलला तर बिलावर काहीतरी दिसतं तरी. गिऱ्हाइकालाही नवीन पार्ट हवा असतो, पुसलेला जुना नको असतो. मी स्वतः पहिल्या दिवशी "लवकर करा" म्हणाले होते, "का होतंय ते बघा" म्हणाले नव्हते. पण म्हणूनच सांगते, पुसल्याने ट्रक बरा झाला नाही. पुसताना हात सगळीकडे फिरला, म्हणून दुखणं सापडलं. नवं मीटर बसवलं असतं तर तेही त्याच फाटक्या नळीला जोडलं गेलं असतं.

चिरेवर टेप गुंडाळून सगळं जोडलं, चालू केलं. गरम झाल्यावर स्लो चढला तो चढतच गेला. माझ्या ट्रकला आरपीएमचा काटाच नाही, शेजाऱ्याचा मीटर लावून पाहिलं, १३००! वाट मोकळी झाली होती, आणि गॅरेजवाल्याने फिरवलेला स्क्रू तसाच होता. तो उलटा फिरवत ७५० वर आणला. पुढच्या आठवड्यात नवी नळी आली. मीटरच्या मानाने किरकोळ किंमत.

या इंजिनाची एक साधी परीक्षा असते. चालू असताना तेलाचं झाकण काढायचं. तिथून बिनहिशेबी हवा शिरते आणि निरोगी इंजिन लगेच अडखळतं. आधी मी काढलं होतं तेव्हा याला फारसा फरकच पडला नव्हता, कारण हवा आधीच शिरत होती. नवी नळी लावल्यावर लेकीला म्हटलं, काढ झाकण. तिने काढलं. ट्रक गचका खाऊन बंद पडला आणि आम्ही दोघी अंगणात टाळ्या वाजवत उभ्या. नवरा खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं, गेला एकदाचा.

लेक अजून बसलेली नाही. फक्त घराच्या गल्लीत एक चक्कर, तीही सीटबेल्ट दोनदा तपासून. तिचं बरोबरच आहे.