एका दुर्बिणीत दोन पक्षी

गेल्या रविवारी सकाळी शिराळ्याहून दाजींचा फोन आला. (दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि जगातल्या प्रत्येक विषयावर एक मत.) रविवारी सकाळी त्यांचा फोन म्हणजे प्रिंटर बिघडला असणार, असं धरूनच उचलला.

"पाव्हणं, बंदुकीवर लावायची दुर्बीण असती बघा, त्यातली चांगली कुठली? एकच घ्यायची हाय. पोरीच्या नेमबाजीला बी व्हावी, आन् रात्री डुकरं येत्यात त्यास्नी बी."

पोरगी म्हणजे माझी भाची. नववीत आहे, शनिवार-रविवार सांगलीला रेंजवर जाते आणि दहा मीटर एअर रायफल चांगली मारते. डुकरं म्हणजे रानडुकरं. चांदोलीचं जंगल काही लांब नाही.

मी "बघून सांगतो" म्हणालो. दाजींना तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून इथे लिहितोय, ताई त्यांना वाचून दाखवेलच :-)

आमच्या धंद्यात असे क्लायंट नेहमी भेटतात. दोन गोष्टी एकाच बटणावर पाहिजेत म्हणतात. आपण बटण कसं बनवायचं याचा विचार करत बसतो, आणि मूळ दोन गोष्टींची गरज आहे का हे विचारायचं राहून जातं. दाजींच्या प्रश्नाचंही तसंच आहे. लोक विचारतात, 'शिकार आणि टार्गेट, दोन्हीला चालणारा स्कोप कोणता?' माझं म्हणणं असं की आपल्या सातारा-सांगलीत या प्रश्नाचं उत्तर 'कुठलाच नाही' हे आहे. टार्गेटला तो चालत नाही आणि शिकारच चालत नाही.

आधी टार्गेट. दहा मीटर एअर रायफल किंवा पन्नास मीटर रायफल, दोन्ही ऑलिंपिक प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला नियमानेच बंदी आहे. मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे नळीच्या टोकाला एक गोल कडी, बस्स. त्या भोकातून कडी बघायची आणि कडीत काळा ठिपका मधोमध बसवायचा. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हो, अर्धा मिलिमीटर, आणि तो उघड्या डोळ्याने मारायचा.

आता तुमच्या त्या महागड्या स्कोपचं गणित बघा. नेहमीच्या स्कोपची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन. शंभर मीटरवर साधारण सात मिलिमीटर, दहा मीटरवर सात दशांश मिलिमीटर. म्हणजे एका क्लिकचं पाऊल त्या ठिपक्यापेक्षा मोठं!

पण खरं नुकसान गणितात नाही, सवयीत आहे. स्कोपमधून चित्र मोठं दिसतं तसा हाताचा थरथराटही मोठा दिसतो. नवशिका पोरगा ठिपका मधे येण्याची वाट बघतो आणि आला की घाईने घोडा ओढतो. पीप साइटवर शिकलेली पोर उलट शिकते: नजर पुढच्या कडीवर ठेवायची, ठिपका थोडा धूसर राहू द्यायचा, श्वास सोडायचा आणि बोट आपोआप मागे येऊ द्यायचं. भाचीने दोन वर्षं घालवून हे कमावलंय. घरी दुर्बिणीतून मारायला लागली तर ते मोडायला दोन महिने पुरतील.

२०१० साली म्युनिकला आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, दुर्बिणीशिवाय. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुण मारून ब्राँझ आणलं, तेही दुर्बिणीशिवाय. आणि गंमत बघा, राधानगरीचं जंगल एके काळी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. त्याच तालुक्यातला पोरगा जगाला नेमबाजी दाखवतो, आणि आपण अजून सावज शोधतोय.

आता शिकार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं की तो फक्त वाघासाठी आहे. तसं नाही. ससा, तितर, होला, रानडुक्कर, सगळे त्यात येतात. दुसरा गोड गैरसमज एअरगनचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. लोकांनी त्यावरून काढलेला अर्थ: परवाना लागत नाही म्हणजे मारायची परवानगी आहे! अहो, गलोलीलाही परवाना लागत नाही. कायदा हत्यार कुठलं ते विचारत नाही, जनावर कुठलं ते विचारतो. पकडलं की बंदूक जप्त, केस वेगळी. आणि ज्या घरात केस, त्या घरातल्या पोरीने उद्या स्पर्धेच्या रायफलीचा परवाना मागितला तर?

इथे दाजी म्हणणार, "तू पुण्यात एसीत बसून बोलतोस. रात्रभर मचाणावर बसून बघ." बरोबर आहे. एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरलेला मी डोळ्यांनी बघितलाय. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत. जंगल वाचलं याचा मला आनंद आहे, पण त्याचं भाडं कडेची गावं भरतात हे शहरातले लोक सोयीने विसरतात. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला किती खेटे घालावे लागतात तेही मला ठाऊक आहे. याच कायद्याच्या ११व्या कलमात पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुकरासारख्या जनावराला मारायची लेखी परवानगी देता येते. ती मागा, भांडून मागा, मी अर्ज लिहून देतो.

पण परवानगी मिळाली तरी ते काम छऱ्याच्या बंदुकीचं नाही. वीस ज्यूल म्हणजे किती? मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी बनवलेल्या रायफलीची गोळी साडेतीन-चार हजार ज्यूल घेऊन निघते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा रानडुकराच्या कातडीत रुतेल, ते मरणार नाही. जखमी होऊन उसात शिरेल. आणि दाजी, सकाळी त्या उसात पहिलं कोण शिरतं? तोडणीवाल्या बाया आणि त्यांची पोरं. दुर्बीण लावल्याने छर्रा जड होत नाही, फक्त आपला आत्मविश्वास फुगतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पाटणला असताना, अकरावीत, माझ्याकडेही स्प्रिंगची एअरगन होती. एका दुकानदाराने "दोन्हीला चालतोय" म्हणून तीन ते नऊ पटीचा स्कोप गळ्यात मारला. शंभर यार्डासाठी जुळवलेला, त्यामुळे दहा मीटरवर कागद धुरकट, आणि डोळा जरा हलला की फुली सरकायची. त्यात स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते. साधे स्कोप तो सोसत नाहीत. महिन्याभरात फुली जागेवर राहीना. तेवढ्या महिन्यात मी एक होला मारला. तारेवर बसलेला. पडला, पण मेला नाही. आजोबा शिंदीच्या झाडाखाली बसले होते, त्यांनी तो उचलला, मान पिरगाळली आणि मला एवढंच म्हणाले, "भूक लागली होती का?" स्कोप नंतर भंगारात गेला. तो प्रश्न अजून आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. स्कोप आणि रानडुक्कर दोन्ही चालणारा एक खेळ खरंच होता! 'रनिंग टार्गेट'. १९७२ ते १९८८ ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवर पळत्या रानडुकराचं चित्र सरकत जायचं आणि त्यावर दुर्बिणीच्या रायफलीने गोळ्या मारायच्या. नंतर तो दहा मीटरवर आला आणि २००४ नंतर ऑलिंपिकमधूनच गेला. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षी म्युनिकमध्ये लोक कागदी डुक्कर मारत होते.

तरीही कुणाला निव्वळ गंमत म्हणून कागद आणि रिकामे डबे मारायचे असतील तर जरूर घ्या. चार पटीचा पुरे, स्प्रिंगचा झटका सोसणारा आणि दहा मीटरवर जुळवता येणारा. मागे माती किंवा भिंत असू द्या. गाडीच्या टपावर बसून डीपीसाठी फोटो काढणार असाल तर कुठलाही घ्या, खोकंसुद्धा चालेल.

दाजी, दुर्बिणीचे बारा हजार बाजूला ठेवा. भाचीला नेमबाजीचं जाकीट लागणार आहे, आणि छर्रे तर रोजच लागतात. डुकरांच्या अर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा पाठवा. पुढच्या शनिवारी येतो, वनखात्यात दोघं मिळून जाऊ. मचाणावर पण बसतो एक रात्र, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन.