गोदाकाठचे कट्टे आणि तंत्रज्ञानाची मालकी

२७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी, नाशिकमध्ये रामकुंडाच्या परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा बळी गेला. अशा दुर्घटनेनंतर आपल्याकडे जे जे होते ते सर्व झाले. दुःख व्यक्त झाले, दोषारोप झाले, पुढील वेळी अधिक बंदोबस्त ठेवण्याचे ठरले. परंतु मूळ प्रश्न बंदोबस्ताचा नव्हता. एका चिंचोळ्या वाटेने एका वेळी किती माणसे जात आहेत, हे त्या वाटेवर उभ्या असलेल्या कोणालाही कळत नव्हते, हा खरा प्रश्न होता. ज्या समाजाला आपल्या गर्दीची मोजदाद करता येत नाही, त्याच्या हाती काठी आणि शिटी एवढीच साधने उरतात.

या प्रश्नावर पुढे जे उत्तर पुढे आले, ते कोणत्याही मंत्रालयातून आले नाही. २०१४ आणि २०१५ या वर्षांत नाशकात 'कुंभथॉन' या नावाने काही शिबिरे भरली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अध्यापन करणारे प्रा. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थी, संशोधक, डॉक्टर, उद्योजक आणि शासकीय अधिकारी एका छपराखाली बसले. आरोग्य, निवारा, अन्नवाटप, गर्दीचे नियमन असे सिंहस्थाचे प्रश्न त्यांनी वाटून घेतले. शाळकरी वयाच्या एका नाशिककर मुलाचा ज्यात सहभाग होता, अशा एका गटाने जमिनीवर अंथरायची चटई तयार केली. पावलांच्या दाबावरून किती माणसे पुढे गेली याचा हिशेब ती ठेवी. २०१५ च्या सिंहस्थात ती वापरूनही पाहण्यात आली. त्या सिंहस्थात २००३ सारखी दुर्घटना घडली नाही. याचे श्रेय एका चटईला देणे अर्थातच भाबडेपणाचे होईल; पोलीस, पालिका आणि असंख्य स्वयंसेवक यांचे कष्ट त्यामागे होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ शासनाने द्यावे असे सर्वांनी गृहीत धरले होते, तो एका शाळकरी मुलाला आपला वाटला, ही गोष्ट सामान्य नाही.

तो त्याला आपला का वाटला? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्ञान ही एक विलक्षण वस्तू मानली जाते. भाकरी वाटली तर अर्धी होते. ज्ञान वाटले तर कमी होत नाही. मात्र पाठ्यपुस्तके सहसा एक गोष्ट सांगत नाहीत. ज्ञानाचा फार मोठा भाग कागदावर उतरतच नाही. तो हातात असतो, नजरेत असतो, चुकांच्या आठवणीत असतो. लेथवर वीस वर्षे काढलेल्या कामगाराला पात्याचा आवाज बदलला की काय बिघडले ते कळते. ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. अशा ज्ञानाची देवघेव व्याख्यानात होत नाही. ती चहाच्या पेल्याभोवती, उघड्या पडलेल्या यंत्राभोवती, 'हे असे करून पाहिले तर?' या प्रश्नाभोवती होते. म्हणूनच विनाऔपचारिक मेळावा, कट्टा किंवा अड्डा, हा रिकामटेकड्यांचा उद्योग नसून उत्पादनाचे एक साधन आहे. आणि उत्पादनाच्या साधनाबाबत समाजवाद्याने विचारावयाचा पहिला प्रश्न त्याच्या मालकीचा असतो.

नाशिकला एकत्र जमण्याची परंपरा नवी नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. गोदाघाटावर उन्हाळ्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने अनेक पिढ्यांना ऐकण्याची सवय लावली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांतून फिरवीत आला आहे. परंतु वाचनालयात एकट्याने वाचावयाचे असते आणि व्याख्यानमालेत एकाचे ऐकावयाचे असते. हातांनी काही घडवीत असताना एकमेकांकडून शिकण्याची जागा यांहून निराळी. तीही या जिल्ह्याला अपरिचित नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलविले. त्यांचे घर हीच त्यांची कार्यशाळा होती. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके करीत. भारतीय चित्रपटाचा पाया स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत एक गृहिणी होती. पुढे १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तेव्हा त्याच फाळक्यांना भागीदारांशी न पटल्याने काही काळ ती सोडून काशीस जाऊन राहावे लागले. कल्पकता एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, या गोष्टीचा हा नाशिकमधला जुना दाखला आहे.

कुंभथॉनच्या अनुभवातूनही हाच प्रश्न डोके वर काढतो. त्या शिबिरांतून निर्माण झालेल्या उत्साहाला पुढे टाटा उद्योगसमूहातील टीसीएसच्या प्रतिष्ठानाने आधार दिला आणि नाशकात 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र उभे राहिले. तरुणांना जागा, साधने आणि मार्गदर्शन मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. अशा मदतीकडे केवळ संशयाने पाहणे हा न्याय नव्हे. तरीही दोन प्रश्न उरतात. पहिला असा की, सातपूरच्या कारखान्यातील फिटर, अंबडमधील कंत्राटी कामगार आणि घाटावर फुले विकणारी बाई यांना अशा बैठकांत स्थान किती? घाटाची गर्दी त्या बाईइतकी जवळून कोणी पाहिली असेल? दुसरा प्रश्न असा की, जागा, वीज आणि शिष्यवृत्ती ज्याची, त्याचीच विषय ठरविण्याची सत्ता, असे होऊ लागले तर कोणते प्रश्न विचारलेच जाणार नाहीत? गर्दी मोजण्याचे यंत्र सर्वांना हवे असते. गोदावरीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची मोजणी करणारे यंत्र सर्वांनाच हवे असेल असे नाही.

जगाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात तीसेक हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. संगणक ही तोवर सैन्याची आणि बड्या कंपन्यांची मत्ता होती. ती सामान्यांच्या हाती यावी, ही त्यांची ओढ. मंडळाच्या संस्थापकांपैकी फ्रेड मूर हा युद्धविरोधी कार्यकर्ता होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे आराखडे मोकळेपणाने वाटले जात. स्टीव्ह वॉझ्नियाक याने आपल्या पहिल्या संगणकाचा आराखडा याच मंडळींना दिला. परंतु पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, बिल गेट्सने 'हौशी मंडळींना अनावृत पत्र' लिहून आपली आज्ञावली मोफत वाटणाऱ्यांना चोर ठरविले. त्यानंतरच्या दशकांत संगणक घरोघरी गेला, परंतु मालकी मूठभरांकडे गेली. फ्रेड मूरचे स्वप्न निम्मे खरे झाले, आणि उरलेले निम्मे बाजाराने गिळले. मोकळ्या गप्पांना मालकीचा नियम नसेल तर त्यांचे पीक दुसराच कोणी कापून नेतो, हा त्याचा धडा.

याच सुमारास इंग्लंडमध्ये उलट्या टोकाने एक प्रयत्न झाला. लुकास एरोस्पेस या लष्करी सामग्री बनविणाऱ्या कंपनीत नोकरकपातीचे संकट आले, तेव्हा कामगार प्रतिनिधींनी कारखान्याकारखान्यांतील सहकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : आपल्या हातांनी आणि आपल्या यंत्रांवर समाजाला उपयोगी असे काय बनविता येईल? उत्तरांतून १९७६ साली सुमारे १५० वस्तूंची योजना तयार झाली. तीत उष्णतेचे पंप होते, रुळांवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी गाडी होती. व्यवस्थापनाने ती फेटाळली. त्या योजनेतील एक अग्रणी माइक कूली याला १९८१ मध्ये नोकरी गमवावी लागली. पुढे लंडनच्या महापरिषदेच्या आधाराने त्याने वस्त्यावस्त्यांत सार्वजनिक कार्यशाळा उघडण्याचे काम हाती घेतले. १९८६ मध्ये थॅचर सरकारने ती महापरिषदच बरखास्त केली. हा प्रयत्न सत्तेपुढे हरला. परंतु कामगाराला विचारले तर तो केवळ मजुरीचा आकडा सांगत नाही, पर्यायही सांगतो, हे त्याने कायमचे सिद्ध केले.

यावर एक आक्षेप हमखास येईल. हे सारे शहरी, शिकलेल्या, फुरसत असलेल्या वर्गाचे चोचले आहेत. ज्याच्या घरी उद्याच्या भाजीची भ्रांत, तो कशाला कट्ट्यावर येईल? आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते पूर्ण नव्हे; आणि त्याचे उत्तर शोधण्यास लंडनला जाण्याची गरज नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये यांच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकराच्या अंदाजाने न घेता मोजून घ्यावयाचे, आणि मोजणी शेतकऱ्याने स्वतः समजून घ्यावयाची, हा तिचा गाभा. पाण्याची मोजणी ही अभियंत्याची मिरासदारी आहे असे मानणारा शेतकरी बैठकीबैठकीतून ती शिकला, कारण तिच्यावर त्याच्या शेताची तहान अवलंबून होती. त्याआधी कित्येक पिढ्या याच जिल्ह्यातील मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे, पाळी सर्वांनी ठरविलेली, पाटकरी सर्वांनी नेमलेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या प्रकारच्या सिद्धान्तासाठी, त्याचा प्रत्यक्ष पाठ बागलाणचा शेतकरी फार पूर्वी गिरवून बसला होता : सामायिक साधन टिकते, जेव्हा ते वापरणारेच त्याचे नियम करतात.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाची साक्षही हीच आहे. शाळेत नापास ठरलेली मुले तेथे हातांनी शिकली. आणि २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने जगातील अगदी आरंभीच्या 'फॅब लॅब'पैकी एक त्याच गावात उभी राहिली. गरज असली आणि दार उघडे असले की गरीब माणूस येतो. तो येत नसेल, तर दाराची वेळ आणि दारावरची भाषा तपासून पाहावी.

पुरोगामी चळवळीने येथे स्वतःकडेही पाहणे आवश्यक आहे. एके काळी अभ्यासमंडळ, वाचनालय, कलापथक आणि कामगार वस्तीतील रात्रशाळा ही तिची बलस्थाने होती. महाराष्ट्रात १९८० मध्ये लोकविज्ञान संघटना स्थापन झाली. तिच्याही मागे हीच जाण होती. कालांतराने मात्र कार्यकर्त्याला ध्वनिक्षेपकाची सवय लागली. तो सभा घेऊ लागला आणि बैठक विसरला. सभेत उत्तरे असतात. बैठकीत प्रश्न असतात. कंत्राटी पद्धतीने कारखान्यातील उपाहारगृहातल्या आणि युनियनच्या कचेरीतल्या गप्पा मोडल्या, तेव्हा त्यांच्या जागी नवी जागा निर्माण करण्याचे काम चळवळीने हाती घेतले नाही. ती पोकळी कंपन्यांच्या मेळाव्यांनी आणि हातातल्या दूरध्वनीने भरून काढली. माणसे जमणे थांबलेले नाही. त्यांना कोण जमविते, एवढेच बदलले आहे.

म्हणून नाशिकच्या कार्यकर्त्यांपुढे एक अगदी लहान, परंतु चिकाटीचे काम आहे. सातपूर किंवा सिडको भागात, पहिली पाळी सुटण्याच्या वेळेस सोयीची अशी एखादी खोली मिळवावी; शाळेचा वर्ग चालेल, मंगल कार्यालयाचा ओटाही चालेल. एक टेबल, एक हत्यारांची पेटी, एक संगणक आणि चहा एवढे पुरे. महिन्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी बसावे आणि पाच माणसे आली तरी तो दिवस चुकवू नये. प्रवेशास शुल्क नसावे, विक्रेत्यास व्यासपीठ नसावे आणि पक्षाच्या पत्रकाचीही तेथे घाई नसावी. निवृत्त टर्नर, तंत्रनिकेतनातील विद्यार्थिनी, शिवणयंत्र दुरुस्त करणारा कारागीर, भिंतीवर चित्रे काढणारा मुलगा, सर्वांनी आपापली अडचण टेबलावर ठेवावी. बायकांना येता येईल अशी वेळ ठेवणे ही सवलत समजू नये. तो पहिला नियम समजावा. आणि दुसरा नियम असा की, येथे जे सर्वांनी मिळून घडेल त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला राहील. त्यातून कोणी उपजीविका करील तर आनंदच आहे. परंतु कुलूप लावण्याचा अधिकार कोणासही नाही. होमब्रूच्या मोटारखान्यात हा दुसरा नियम नव्हता, आणि बागलाणच्या फडात तो होता.

असा कट्टा क्रांती घडवून आणील असा दावा कोणी करू नये. तो फार तर काही माणसांना एकमेकांची नावे आणि एकमेकांची कौशल्ये माहीत करून देईल. परंतु लोकशाहीला लागणारा कच्चा माल तोच आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गर्दीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि संगणकीय प्रणालींची चर्चा चालू आहे. हे कॅमेरे काय मोजतात, मोजलेले कोणाजवळ राहते आणि मेळा संपल्यावर त्याचे काय होते, हे विचारण्यासाठी केवळ संताप पुरणार नाही. यंत्राचे पोट उघडून पाहिलेली माणसे लागतील. ती माणसे निवडणुकीच्या धामधुमीत तयार होत नाहीत. ती तयार होतात एखाद्या साध्या खोलीत, पंधरवड्यातून एकदा, चहा निवेपर्यंत चाललेल्या गप्पांत. २००३ साली त्या वाटेवर उभ्या असलेल्या कोणालाही मोजता आले नाही. पुढच्या वेळी मोजणारे अनेक असावेत, आणि ते मोजमाप सर्वांचे असावे.