हेडफोन ॲम्प घ्यायचाय? आधी कानाचा हिशेब मांडा

"डॉक्टर, हेडफोनसाठी वेगळा डॅक आणि ॲम्प घेतला तर कानाला चांगला की वाईट?" हा प्रश्न हल्ली ओपीडीत वरचेवर येतो. विचारणारे कधी घरून काम करणारे तरुण असतात, तर कधी निवृत्तीनंतर शांतपणे गाणं ऐकायचं ठरवलेले काका. दोघांनीही इंटरनेटवर भरपूर वाचलेलं असतं. किती वॉट, किती बिट, किती किलोहर्ट्झ हे सगळं त्यांना पाठ असतं. आपल्या कानाला किती आवाज पुरतो, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. घरी गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना टेबलावरचा मोठा ॲम्प लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनी तो किती मोठा वाजतो यावर निवडू नये. हळू आवाजात किती स्वच्छ वाजतो, यावर निवडावा. असं का, ते आता पाहू.

डॅक काय करतो, ॲम्प काय करतो?

फोनमधलं किंवा कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग असते. त्या आकड्यांचं विजेच्या लहरींमध्ये रूपांतर करतो तो डॅक. या लहरी अगदी कमजोर असतात. हेडफोनचा पडदा हलवण्याइतकी ताकद त्यांना देतो तो ॲम्प. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही दोन्ही कामं आधीपासून होतच असतात. हेडफोनची पिन नसलेल्या फोनला आपण छोटं डोंगल लावतो, त्यातही डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात. टेबलावरची पेटी हेच काम जास्त ताकदीने करते.

आता बिट आणि किलोहर्ट्झचं बघू. सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या मापात साधारण ९६ डेसिबलचा चढउतार आणि २० किलोहर्ट्झच्या थोडं वरपर्यंतचे सूर मावतात. तरुण, निरोगी कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. साठीच्या आसपास बहुतेकांना १२ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, आणि हे वयानुसार होणारच. म्हणजे १९२ किलोहर्ट्झच्या डॅकसाठी जादा पैसे मोजले तरी तो जादा भाग कानापर्यंत पोहोचत नाही. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकणार असाल तर त्या काळच्या ध्वनिमुद्रणातच वरचे सूर उमटलेले नाहीत. जे मूळ तबकडीत नाही, ते कोणताही डॅक आणून देणार नाही.

किती ताकद लागते?

हेडफोनच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. समजा, १ मिलिवॉटला १०० डेसिबल. ताकद १० पट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो. त्यामुळे या हेडफोनवर ८० डेसिबलच्या आवाजात ऐकायला मिलिवॉटचा शंभरावा भाग पुरतो. गाण्यात मधेच येणारी तबल्याची जोरदार थाप सरासरीपेक्षा २० डेसिबलने जास्त धरली, तरी १ मिलिवॉट झाला.

टेबलावरचे बरेच ॲम्प १००० मिलिवॉट किंवा त्याहून जास्त देतात. कागदावर हिशेब केला तर याच हेडफोनवर १३० डेसिबल होतात. एवढ्या आवाजाने कान दुखतो आणि क्षणात इजाही होऊ शकते.

मग मोठा ॲम्प कोणाला लागतो? २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन वापरणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी खूपच कमी आहे अशांना. १६ किंवा ३२ ओहमच्या नेहमीच्या हेडफोनला हजार-दोन हजारांचं चांगलं डोंगल पुरतं. लॅपटॉपच्या पिनेतून सतत खरखर किंवा गुणगुण येत असेल, तरी आधी डोंगलच लावून बघा.

"अजून थोडा आवाज हवा" असं का वाटतं?

ॲम्प घ्यायचा विचार बहुधा इथून सुरू होतो. कमी पडतंय असं वाटण्याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण म्हणजे खोली. कायद्यानुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण अंबाडी रोडवर किंवा नालासोपाऱ्यात आचोळे रोडला लागून घर असेल, खिडकी उघडी असेल आणि पंखा पाचवर असेल, तर ख्यालातला मंद्र सप्तकातला आलाप त्यात बुडून जातो. मग आपण आवाज वाढवतो, आणि तान सुरू झाली की तोच आवाज कानावर आदळतो. याला उपाय ॲम्प नाही. खिडकी लावा, पंखा कमी करा, कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन घ्या. त्याने बाहेरचा आवाज कमी झाला की आतला आपोआप कमी ठेवता येतो.

दुसरं कारण म्हणजे सवय. मोठ्या आवाजात अर्धा तास ऐकलं की कान तात्पुरता मंदावतो. तोच आवाज कमी वाटू लागतो आणि हात बटणाकडे जातो. साध्या हेडफोनवर आवाज फार वाढवला तर तो फाटतो, कर्कश होतो, आणि तेवढ्याने आपण सावध होतो. चांगला ॲम्प मोठ्या आवाजातही स्वच्छ वाजतो, म्हणून मर्यादा ओलांडल्याचं कळतच नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते म्हणजे कान. आपल्या प्रत्येक आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतं. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग स, श, थ, फ ही अक्षरं अस्पष्ट होतात. माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." गाण्याबाबत तोच माणूस म्हणतो, "या हेडफोनमध्ये मजा नाही, दबल्यासारखा वाटतो." आणि तो जास्त ताकदीचा ॲम्प आणतो. ज्या आवाजाने कान गेला, त्याच आवाजाची मात्रा आणखी वाढते.

म्हणून वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा वालीव, गोखिवरे, सातिवली भागातल्या कारखान्यात मशीनजवळ काम केलेलं असेल, तर ॲम्पच्या आधी ऑडिओग्राम करून घ्या. शांत खोलीत बसून होणारी ही साधी चाचणी आहे. अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. घरातल्या आजोबांना टीव्ही ऐकू येत नाही म्हणून त्यांना हेडफोन ॲम्प देणाऱ्यांनाही हेच सांगेन. ॲम्प सगळेच सूर सारखे वाढवतो. श्रवणयंत्र जे सूर कमी ऐकू येतात तेवढेच मोजून वाढवतं आणि ठरावीक मर्यादेला थांबतं.

कानाचं आठवड्याचं बजेट

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. मोठ्यांचा हिशेब असा:

- ८० डेसिबल: ४० तास
- ८३ डेसिबल: २० तास
- ८६ डेसिबल: १० तास
- ८९ डेसिबल: ५ तास
- ९२ डेसिबल: अडीच तास
- ९५ डेसिबल: सव्वा तास

हे सगळे तास आठवड्याचे आहेत, दिवसाचे नाहीत.

आता विरारहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्याचं गणित करा. जायला दीड तास, यायला दीड तास. लोकलच्या खडखडाटावर मात करायला त्याने हेडफोन ८६ डेसिबलवर ठेवला, तर सोमवारी ३ तास, मंगळवारी ६, बुधवारी ९. गुरुवारी सकाळी गाडी अंधेरीला पोहोचेपर्यंत आठवड्याचं बजेट संपलेलं असतं. रात्री घरी येऊन नव्या ॲम्पवर जे ऐकणार ते सगळं उधारीवर. अशा माणसाने खर्च करायचाच असेल तर प्रवासासाठी बाहेरचा आवाज कमी करणारा, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावा. टेबलावरच्या ॲम्पपेक्षा त्याने कानाचा फायदा जास्त होईल.

आणखी एक गोष्ट. हल्ली फोन हेडफोनच्या आवाजाची नोंद ठेवतात आणि जास्त झालं की सूचना देतात. बाहेरचा ॲम्प लावला की त्याचं बटण किती फिरवलंय हे फोनला कळत नाही. राखणदार गेला, की हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो.

घ्यायचाच असेल तर काय बघाल?

१. गेन बदलायची सोय. लो आणि हाय असे दोन गेन हवेत. साध्या हेडफोनला नेहमी लो गेन. हाय गेनवर बटण जरासं हललं तरी आवाज उसळतो.

२. हळू आवाजात शांतता. गाणं न लावता हेडफोन घाला. सूं असा आवाज ऐकू आला तर तो ॲम्प तुमच्या हेडफोनसाठी नाही.

३. आउटपुट इम्पिडन्स. हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा त्याहून कमी. नाहीतर काही हेडफोनचा सूर बदलतो.

४. तुमचाच हेडफोन नेऊन ऐका. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रोजची चार गाणी सोबत न्या. दोन ॲम्पची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा. जरा मोठा वाजणारा नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि तिथेच आपण फसतो.

घरी आणल्यावर

शांत खोलीत बसा. बटण शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा. गाणं आरामात ऐकू येऊ लागलं की थांबा. त्या जागी बटणाशेजारी एक टिकली चिकटवा. नंतर कितीही कमी वाटलं तरी टिकलीच्या पुढे जायचं नाही. कमी वाटायला लागलं तर दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवा.

आधी ॲम्प चालू करा, मग हेडफोन कानावर घाला. काही ॲम्प चालू-बंद होताना ठप्प असा आवाज काढतात. वीज गेली तर हेडफोन काढा, बटण शून्यावर आणा, वीज आल्यावर पुन्हा सुरू करा.

गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष बहुधा चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका, शॉक लागू शकतो.

आपल्याकडची हवा दमट. पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचे रुग्ण वाढतात. हेडफोनच्या गाद्या घामाने ओल्या ठेवू नका, पुसून वाळवा. कानात घालायचे इअरफोन घरात एकमेकांचे वापरू नका.

एकाच बाजूला कमी ऐकू येतंय?

काही ॲम्पचं बटण अगदी कमी आवाजावर असताना डाव्या-उजव्या बाजूचा आवाज सारखा येत नाही. दोष कानाचा की यंत्राचा हे घरीच ओळखता येतं. हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. कमी ऐकू येणारी बाजू बदलली तर दोष यंत्राचा. त्याच कानाला कमी येत राहिलं तर तो कान तपासायला हवा.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा एका रात्रीत कमी झालं तर ती तातडीची बाब समजा. मळ असेल म्हणून आठवडाभर तेल घालत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उपचार जितके लवकर, तितका फायदा होण्याची शक्यता जास्त. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहणं, कान दडे बसल्यासारखे वाटणं, गर्दीत बोलणं न कळणं, यांपैकी काही वारंवार होत असेल तरीही तपासणी करा.

गाणं ऐकू नका असं मी कधीच सांगणार नाही. दिवसभराच्या धावपळीनंतर तासभर आवडतं गाणं ऐकणं मनाला चांगलंच आहे. फक्त पैसे खर्च करायचा क्रम असा ठेवा: आधी कानाची तपासणी, मग खोलीतली शांतता, मग चांगला हेडफोन, आणि गरज उरलीच तर ॲम्प. ॲम्प बिघडला तर दुसरा आणता येतो. आतल्या कानातल्या त्या १५ हजार पेशी बाजारात मिळत नाहीत.