जुना टिलर घ्यावा का?

एप्रिल उजाडला, की गराज सेलच्या पाट्यांबरोबर जुने टिलरही बाहेर पडतात. 'दोनच सीझन वापरलेला, एका ओढीत सुरू होतो, २५० डॉलर.' नव्याची किंमत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला अशी जाहिरात पाहून राहवत नाही. त्यातून मे महिन्यात आई-बाबा येणार असतील तर विचारायलाच नको. बाबांना मेथी, भेंडी, गवार लावायची असते आणि त्यांचे सहा महिने बरे जावेत असं आपल्याला वाटत असतं. मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मला बरेचदा विचारतात. (इंजिनिअरला सगळी यंत्रं कळतात असा समज आहे, मी सॉफ्टवेअरवाला!) म्हणून माझं मत लिहूनच टाकतो: बाग हजार चौरस फुटांच्या आत असेल, तर जुना टिलर घेऊ नये.

आधी हिशेब. आपल्यापैकी बहुतेकांची बाग वीस बाय वीस, म्हणजे ४०० चौरस फूट. पहिल्या वर्षी हिरवळ फोडायला अर्धा दिवस, पुढे वर्षाला फार तर दोन तास. बाकीचे दिवस हे धूड गराजमध्ये गाडीची जागा अडवून बसणार. २५० डॉलरांत पट्टा, स्पार्क प्लग, तेल आणि कार्ब्युरेटरची साफसफाई धरलेली नसते. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. हिवाळाभर ते टाकीत राहिलं, की कार्ब्युरेटर चिकटतो, आणि 'एका ओढीत सुरू होणारा' टिलर वसंतात खांदा उतरवतो. त्यापेक्षा चार कुटुंबांनी मिळून एका शनिवारी भाड्याने आणावा. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. भाडं चौघांत वाटलं, की एका वेळच्या बाहेरच्या जेवणाइतकंही पडत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, तर पाती कुठे आहेत ते पाहा. पुढे पाती असलेला स्वस्त मिळतो, पण कडक जमिनीवर तो बकऱ्यासारखा उड्या मारतो आणि सगळा भार आपल्या कंबरेवर येतो. मागे पाती असलेला चाकांवर चालतो, म्हणून आवरायला सोपा. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या गार्डन वे कंपनीचा ट्रॉय-बिल्ट 'हॉर्स' याच जातीचा. ती कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांकडे गेलं, पण जुने 'हॉर्स' लोक अजून शोधत असतात. मात्र हे यंत्र अडीचशे पौंडांच्या पुढे जातं, कॅमरीच्या डिकीत बसत नाही. घेण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं, तर विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच सुरू करून ठेवलंय. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. तिथूनच नमस्कार करून निघावं.

पण माझा खरा आक्षेप पैशांचा नाही, मातीचा आहे. न्यू जर्सीत आमच्या भागात चिकणमाती आहे. वाफसा येण्याआधी ती फिरवली, की उन्हात विटेसारखी ढेकळं होतात. मूठभर माती दाबून पाहावी. लाडू वळला आणि बोटाने टोचूनही फुटला नाही, तर थांबावं. भाड्याच्या यंत्राची तारीख ठरलेली असते, वाफशाची नसते, हे मात्र भाड्याविरुद्धचं खरं कारण आहे. दुसरं, हरळीसारख्या गवताच्या मुळांचे पात्यांनी शंभर तुकडे होतात आणि तुकडा न् तुकडा फुटतो. दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरली, की खाली घट्ट थर बसतो.

गंमत पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. ती समजूत चुकीची होती. पण नांगर मुळात हवाच का, हा प्रश्न चुकीचा नव्हता. अमेरिकेत एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ साली 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात तोच विचारला आणि मोठा वाद झाला. आपल्याकडे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवाय शेती करतात आणि त्यावर लिहितात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत गादीवाफे एकदाच करायचे. पुढे भातालाही नांगरणी नाही, चिखलणी नाही. भाताचं असं होत असेल, तर आपल्या चार ओळी मेथीला इंजिन कशाला? शरद ऋतूत हिरवळीवर खोक्यांचे पुठ्ठे पसरून वर पालापाचोळा आणि कंपोस्ट टाकलं, तर वसंतापर्यंत खालचं गवत बहुतेक मरतं. पालापाचोळ्याला तर आपण पिशव्या भरून बाहेर ठेवतो!

आता तब्येतीचं. सत्तरीच्या बाबांच्या हाती यंत्र देऊ नये, त्यांनी गावी बैल हाकले असले तरी. पात्यात दगड अडकला, की दांडा हिसका देतो. पाहुण्यांसाठीच्या स्वस्त विमा योजना बहुधा ठरावीक रकमेच्या असतात. हाड मोडलं, तर हॉस्पिटलचं बिल आणि विम्याचा चेक यांतली दरी आपणच भरायची. खणण्यापूर्वी काही दिवस ८११ वर फोन करा. गॅस आणि विजेच्या वाहिन्यांवर फुकट खुणा करून देतात. स्प्रिंकलरचे पाइप किंवा शेडला नेलेली वायर त्यात येत नाहीत.

आणि घर १९७८ पूर्वीचं असेल, तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. कोरड्या मातीत टिलर फिरवला, की तीच धूळ उडून मुलांच्या अंगावर आणि घरात येते. मेथी, पालक, अळू या पालेभाज्यांना ती चिकटते, थोडं शिसं झाडातही शिरतं. राज्याच्या विद्यापीठाची एक्स्टेन्शन सेवा, न्यू जर्सीत रटगर्स, थोड्या पैशांत माती तपासून देते. शिश्याची तपासणी आवर्जून मागावी. वसंतात प्रयोगशाळेत गर्दी असते, तेव्हा नमुना लवकर पाठवलेला बरा.